रॉक रेडिओवरची तीच ती गाणी, आणि मागे राहिलेलं ग्रंज

मळभ | रविवार, रात्री १०:१२

गेली सतरा वर्षं मी बॉथेलहून रेडमंडला गाडीने कामाला जातो. सिॲटलच्या शेजारचा हा भाग. ऑक्टोबर लागला की एप्रिलपर्यंत बुरबुर पाऊस, सकाळी साडेसातलासुद्धा दिवे लावून गाडी चालवायची आणि हायवेवर मुंगीच्या पावलाने पुढे सरकायचं. इतकी वर्षं सोबतीला रॉकचं एक स्टेशन आहे. कुठलं ते सांगत नाही. या देशात तशी पुष्कळ आहेत आणि गाणी सगळ्यांची सारखीच.

मागच्या महिन्यात एक छोटी वही घेतली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचलं की वाटेत ऐकलेली गाणी लिहायची. एखादं परत लागलं तर नवी ओळ न लिहिता त्याच्यापुढे रेघ मारायची. दोन आठवडे हा नेम पाळला आणि पाहतो तर भरलं होतं एकच पान. ग्रंजच्या, म्हणजे इथल्या जड, खरखरीत गिटारच्या रॉकच्या नावाखाली चार ओळी, आणि त्यांच्यापुढे रेघाच रेघा. निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट', पर्ल जॅमचं 'इव्हन फ्लो', ॲलिस इन चेन्सचं 'मॅन इन द बॉक्स' आणि साउंडगार्डनचं 'ब्लॅक होल सन'.

चारही गाणी उत्तम आहेत, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. 'ब्लॅक होल सन'च्या सुरुवातीची गिटार ऐका. ऑर्गनसाठी बनवलेल्या लेस्ली स्पीकरमधून ती काढली आहे. त्याच्या आत भोंगा गोल फिरत असतो, त्यामुळे सूर पाण्यावरच्या उन्हासारखा हलतो. १८ मे २०१७ला साउंडगार्डनचा गायक ख्रिस कॉर्नेल गेल्याची बातमी आली, त्या दिवशी रेडिओवर हेच गाणं लागलं आणि मी गाडी कडेला घेऊन रडलो होतो. परवा तेच गाणं लागलं, पहिले चार सूर वाजले आणि माझा हात आपोआप बटणाकडे गेला. स्टेशन बदललं. पुढच्या सिग्नलला लक्षात आलं की आपण काय केलं, आणि ते मनाला फार लागलं.

आणि हे घडतंय कुठे, तर जिथे हे संगीत जन्मलं त्याच गावात. १९८६ साली इथे 'डीप सिक्स' नावाची रेकॉर्ड निघाली होती, त्यात सहा बँड होते: ग्रीन रिव्हर, मेल्विन्स, माल्फंक्शन, स्किन यार्ड, साउंडगार्डन, यू-मेन. या सहांपैकी पाच मी माझ्या गाडीच्या रेडिओवर सतरा वर्षांत एकदाही ऐकलेले नाहीत. मडहनीचं 'टच मी आय'म सिक' १९८८चं. सब पॉप या इथल्या रेकॉर्ड कंपनीचा आवाज म्हणजे काय, हे ज्या गाण्याने ठरवलं ते हे गाणं. तेसुद्धा नाही. स्क्रीमिंग ट्रीज नाहीत, टॅड नाही.

तुम्हांला यांतले कोणते बँड मनापासून आवडतात आणि कोणते नाही? आणि तीच गाणी पुनःपुन्हा ऐकून तुमचंही असं काही झालंय का? मनमोकळं लिहा.

फेरिक_टेप | रविवार, रात्री ११:३०

वाचून मी थेट १९९३ सालच्या पुण्यात गेलो. आमच्या केबलवाल्याने नुकतंच एमटीव्ही सुरू केलं होतं. इंग्रजी कॅसेटी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मी टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर उशीवर ठेवायचो आणि घरात सगळ्यांना हातापाया पडून गप्प करायचो. ॲलिस इन चेन्सचं 'रूस्टर' असंच रेकॉर्ड केलं. ते हळूहळू चढत जातं, अगदी दबक्या आवाजात सुरू होतं आणि आवाज फुटायच्या नेमक्या क्षणी स्वयंपाकघरात आईच्या कुकरची शिट्टी झाली. ती टेपवर कायमची आली.

तेव्हा शब्द कळत नव्हते. बँडचा गिटारवादक जेरी कँट्रेल याने ते व्हिएतनाममध्ये लढलेल्या आपल्या वडिलांवर लिहिलंय हे पुष्कळ नंतर समजलं. पण गायक लेन स्टेली आणि कँट्रेल दोघं मिळून गातात, तेव्हा त्या दोन आवाजांतून तिसराच एक आवाज तयार होतो, तो त्या फाटक्या स्पीकरमधूनही कळायचा. मला या सगळ्यांत ॲलिस इन चेन्सच सर्वांत जवळचे. त्यांचं 'जार ऑफ फ्लाइज' १९९४च्या जानेवारीत आलं. आठवडाभरात रेकॉर्ड केलेली सात गाण्यांची ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, आणि अमेरिकेच्या खपाच्या मुख्य यादीत पहिल्याच आठवड्यात पहिल्या नंबरवर आलेली ती पहिली ईपी. इतकं उदास, इतकं शांत काहीतरी पहिल्या नंबरवर येऊ शकतं, याचं मला अजून नवल वाटतं.

तुमच्या प्रश्नाबद्दल म्हणाल तर ती टेप मी किती वेळा ऐकली असेन याचा हिशेब नाही. शेवटी फीत ताणली जाऊन आवाज जड झाला. पण कंटाळा आला नाही. असं का, याचा विचार तुमचा धागा वाचेपर्यंत केला नव्हता.

घाटमाथा | सोमवार, सकाळी ७:०५

मळभ, तुमचं दुःख समजतं, पण पूर्ण पटत नाही.

एक तर गाणी गाजतात ती काही उगाच गाजत नाहीत. मेल्विन्स मी ऐकलेत, आदरही आहे, पण सकाळी कामाला जाणाऱ्या माणसाला ते गाडीत ऐकवायचे म्हणजे अवघड आहे. एकेक रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, चिखलातून बैलगाडी ओढावी तशी चालते. 'हूडिनी'सारखी त्यांची रेकॉर्ड रात्री एकट्याने ऐकायची असते.

दुसरं म्हणजे पुनरावृत्तीत वाईट काय आहे? माझी आजी रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची. तेच अभंग, तोच क्रम, तीच चाल, साठ वर्षं. तिला कधी कंटाळा आलेला मी पाहिला नाही. आपल्याकडे तर जे पुनःपुन्हा म्हणतात तेच टिकतं.

आणि तुम्ही स्टोन टेंपल पायलट्सचं नाव घेतलं नाहीत, याचं वाईट वाटलं. ते सॅन डिएगोचे, सिॲटलचे नाहीत, म्हणून सुरुवातीला समीक्षकांनी त्यांना नकलाकार ठरवलं. १९९२च्या 'कोअर' या रेकॉर्डच्या बाबतीत ते थोडंफार खरंही असेल. पण १९९४चं 'पर्पल' ऐका. त्यातल्या सुरावटी, डीन डेलिओच्या गिटारमधले जॅझच्या अंगाने जाणारे कॉर्ड, गायक स्कॉट वायलंडचं गाण्यागणिक बदलणारं गाणं. निर्वाणापेक्षा मला तो बँड संगीत म्हणून समृद्ध वाटतो. हे मत घेऊन मी वीस वर्षं मित्रांशी भांडतोय आणि अजून बदललेलं नाही.

एक_वाचक | सोमवार, सकाळी ९:४०

'पर्पल'साठी +१. निर्वाणाबद्दल पूर्ण असहमत. त्यांचं 'इन यूटेरो' ऐकून पुन्हा बोलू.

कन्सोलमागे | सोमवार, रात्री ९:१८

इथे मला बोलायला हवं, कारण रेडिओवर कुठलं गाणं कधी लागणार हे ठरवायचं काम मी मुंबईच्या एका खाजगी एफएम स्टेशनात सहा वर्षं केलंय. आमची गाणी हिंदी होती, पण पद्धत सगळी अमेरिकेतून आलेली. तीच पुस्तकं, तीच सॉफ्टवेअरं, तोच हिशेब.

श्रोत्यांना वाटतं की आरजे गाणी निवडतो. बहुतेक व्यापारी स्टेशनांत तो निवडत नाही. गाणी आधी खात्यांत वाटलेली असतात: सध्याची गाजणारी, नुकतीच उतरलेली, जुनी पक्की. सॉफ्टवेअर प्रत्येक तासाचं घड्याळ त्या खात्यांतून भरतं. एका गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, दोन संथ गाणी लागोपाठ नकोत, असे नियम आपण घालायचे. आरजेच्या हातात तयार यादी येते.

मग खात्यात कोण बसणार हे कसं ठरतं? लोकांना बोलावून किंवा फोनवर गाण्याचा तुकडा ऐकवतात. सात ते दहा सेकंद. ओळखलंत का, आवडतं का, कंटाळा आलाय का, एवढंच विचारतात. कंटाळ्याला आम्ही 'बर्न' म्हणतो. आता विचार करा, दहा सेकंदांत कोणतं गाणं जिंकेल? ज्याची ओळख आधीच पक्की आहे ते, आणि ज्याचा एखादा तुकडा सुटा काढता येतो ते. 'टीन स्पिरिट'ची सुरुवात दोन सेकंदांत ओळखू येते. 'रूस्टर'सारखं हळूहळू चढणारं गाणं तर तुकड्यात पकडताच येत नाही. ते टिकलं ते त्याआधीच गाजलं होतं म्हणून. मेल्विन्स या परीक्षेला कधी बसतच नाहीत, कारण ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही त्यांची चाचणीच होत नाही.

दुसरी गोष्ट मळभ यांना कडू लागेल. तुम्ही रोज दीड-दोन तास ऐकता ना? स्टेशन तुमच्यासाठी गाणी लावतच नाही. यादी बनते ती वीस मिनिटं ऐकून गाडीतून उतरणाऱ्या माणसासाठी. त्या वीस मिनिटांत त्याला ओळखीचं काही मिळालं नाही तर तो दुसरीकडे जाणार. २००७ पासून अमेरिकेच्या मोठ्या शहरांत मोजणीचं एक यंत्र लोकांच्या कमरेला आलं. त्याआधी लोक वहीत आठवून लिहायचे की आज काय ऐकलं. यंत्रामुळे कुठल्या मिनिटाला किती जण निघून गेले हे दिसायला लागलं. एकदा ते दिसलं की अनोळखी गाणं लावायला हात धजावत नाही. माझाही धजावायचा नाही. मला काही गाणी जिवापाड आवडायची आणि मी ती माझ्याच हाताने यादीतून काढलेली आहेत.

पण रेडिओची बाजूही सांगतो. पर्ल जॅमने 'ब्लॅक' हे गाणं सिंगल म्हणून काढायला नकार दिला होता. इतकं खाजगी गाणं बाजारात नको, असं त्यांचं म्हणणं. तरी स्टेशनांनी ते आपणहून लावलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. तेव्हा अमेरिकेतल्या स्टेशनवाल्यांच्या हातात थोडी ढील होती.

मळभ | सोमवार, रात्री ११:०२

कन्सोलमागे, कडू लागलं पण पटलं. 'तुमच्यासाठी लावतच नाही' हे इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं.

ती ढील गेली कुठे, याचं निदान अमेरिकेपुरतं उत्तर आहे. फेब्रुवारी १९९६मध्ये इथे दूरसंचाराचा नवा कायदा झाला. त्याआधी एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त चाळीस स्टेशनं ठेवता येत होती, वीस एएम आणि वीस एफएम. कायद्याने देशपातळीवरची ही मर्यादाच काढून टाकली. काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनलकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं झाली. गावातला माणूस गावासाठी गाणी निवडतो ही गोष्ट तिथून आटत गेली. एका शहरात बसून आवाज रेकॉर्ड करायचा आणि तो दहा शहरांत 'तुमचं स्थानिक स्टेशन' म्हणून लावायचा, हे रोजचं झालं.

आणि ग्रंज उभं राहिलं ते नेमकं याच्या उलट गोष्टीवर. वॉशिंग्टन विद्यापीठाचं केसीएमयू नावाचं छोटं स्टेशन होतं. सब पॉप कंपनीतला जोनाथन पोनमन तिथे गाणी लावायचा. साउंडगार्डनचा किम थायिल तिथे गाणी लावायचा. मडहनीचा मार्क आर्मही. म्हणजे बनवणारे, ऐकणारे आणि ऐकवणारे एकाच खोलीत. कुणी काल रेकॉर्ड केलेली टेप आज घेऊन आला तर ती लागायची. थायिलचे आईवडील केरळमधून आलेले, हे इथल्या पुष्कळांना माहीत नसेल. आपल्यासारखाच चेहरा त्या लांब केसांच्या गर्दीत पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काय वाटलं होतं ते शब्दांत नाही सांगता येणार.

निर्वाणाचं पहिलं रेकॉर्ड 'ब्लीच' जॅक एंडिनोने आठ ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड केलं. खर्च ६०६ डॉलर आणि १७ सेंट. तेही पैसे जेसन एव्हरमनने दिले. रेकॉर्डवर त्याने एक सूरही वाजवलेला नसताना त्याचं नाव मात्र बँडमध्ये छापलंय. या पैशात आज गाडीचे चार टायर जेमतेम येतील. तो ओला, गढूळ आवाज म्हणजे मला खरं ग्रंज वाटतं. त्यांचं पुढचं 'नेव्हरमाइंड' मला आवडतं, पण अँडी वॉलेसने त्याचं मिक्सिंग असं लख्ख केलंय की ते कुठल्याही रेडिओवर कुठल्याही गाण्याशेजारी बसतं. बसलंही.

घाटमाथा, तुमच्या हरिपाठाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. विचार करतोय.

निळी_जास्वंद | मंगळवार, दुपारी १:१५

इतकी नावं झाली, एकही बाई नाही. हा दोष धाग्याचा नाही, तुमच्या सर्वांच्या कानांवर रेडिओने जे ओतलं त्याचा आहे. दोन बायकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत असा अलिखित नियम अमेरिकेतल्या स्टेशनांत वर्षानुवर्षं होता. कन्सोलमागे, तुमच्याकडे होता का?

एल७ हा बायकांचा बँड ऐका. त्या लॉस एंजलिसच्या, पण सब पॉपसाठी रेकॉर्ड केलेल्या. १९९२चं 'ब्रिक्स आर हेवी' हे 'नेव्हरमाइंड'च्याच बुच विगने ध्वनिमुद्रित केलंय आणि माझ्या मते त्याचं ते जास्त दमदार काम आहे. होलचं 'लिव्ह थ्रू धिस' १२ एप्रिल १९९४ला आलं. निर्वाणाच्या कर्ट कोबेनच्या मृत्यूची बातमी कळून जेमतेम चार दिवस झाले होते. त्यामुळे ती रेकॉर्ड कुणी रेकॉर्ड म्हणून ऐकलीच नाही, विधवेची रेकॉर्ड म्हणून ऐकली. होलची गायिका आणि कोबेनची बायको कर्टनी लव्ह, तिचा आवाज एका ओळीत कुजबुजीवरून किंकाळीवर जातो आणि परत येतो, आणि तरी सूर सुटत नाही. हे कौशल्य आहे. वेडेपणा म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

आणि मिया झपाटा. गिट्स नावाच्या सिॲटलच्या बँडची गायिका. जुलै १९९३मध्ये रात्री घरी परतताना तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला. वय २७. पोलिसांना काही सापडेना तेव्हा गावातल्या बँडांनी कार्यक्रम करून खाजगी तपासनीसासाठी पैसे उभे केले, त्यात निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन होते. तिच्या मैत्रिणींनी 'होम अलाइव्ह' ही बायकांना स्वसंरक्षण शिकवणारी संस्था काढली. खुनी दहा वर्षांनी डीएनएवरून सापडला. या गावाच्या संगीताची गोष्ट सांगताना मिया झपाटाचं नाव गाळून मला चालत नाही. तिचा आवाज ब्लूज गाणाऱ्या बाईचा होता, पंक बँडच्या पुढे उभा राहिलेला. एकदा ऐका.

कन्सोलमागे | मंगळवार, दुपारी २:०४

होता. आमच्याकडे तो लेखी नियम नव्हता, पण सॉफ्टवेअरमध्ये स्त्री आणि पुरुष आवाजांचा क्रम बांधलेला असायचा, आणि बांधणाऱ्यांत मीही होतो. गिट्स आज ऐकतो.

डग्गा | मंगळवार, रात्री १०:४५

मी तबला शिकलेला माणूस, रॉककडे मुलामुळे आलो. तो साउंडगार्डनचं 'आउटशाइन्ड' लावून बसला होता. मी दारात उभा राहून सवयीने मात्रा मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या, सातच. रूपकासारखी समेवर खाली वगैरे काही नाही, पण सात मात्रांचं ते आवर्तन त्यांचा ड्रमर मॅट कॅमेरन इतकं सहज वाजवतो की ऐकणाऱ्याचं डोकं चारात डोलतंय आणि ड्रम सातात चाललेत. 'स्पूनमन'ही सातात. त्यात सिॲटलच्या रस्त्यावर चमचे वाजवणाऱ्या कलावंताला खरोखरच बोलावून वाजवायला लावलंय. त्या दिवसापासून मी या बँडचा झालो.

आता हरिपाठाबद्दल. मला वाटतं घाटमाथा आणि मळभ दोघंही बरोबर आहेत, फक्त एक गोष्ट सुटतेय. आजी हरिपाठ कधी म्हणायची? दिवेलागणीला. सकाळी दळताना नाही, दुपारी जेवण वाढताना नाही. त्या वेळेला दिवा लावलेला, हातपाय धुतलेले, मग ते अभंग. त्यांना त्यांची जागा होती.

मैफलीचं घ्या. भैरवी शेवटी का? तीन तास आधीचं सगळं ऐकून झाल्यावर ती येते म्हणून काळजात उतरते. कुणी दिवसभर दर तीन तासांनी नुसती भैरवीच लावली तर? भैरवी तीच, गवई तोच. पण दोन दिवसांत ती ऐकवणार नाही.

मुलाकडून साउंडगार्डनच्या 'सुपरअननोन'ची सीडी मागून घेतली आणि पाहिलं. 'ब्लॅक होल सन' त्यात सातवं आहे. आधी सहा गाणी, एकाहून एक जड. मग हे तरंगतं गाणं. आणि ते संपता संपता 'स्पूनमन'. रेडिओने काय केलं, तर भैरवी तेवढी काढून घेतली आणि मैफल टाकून दिली. फेरिक_टेप यांच्या टेपलाही क्रम होता. त्यांना माहीत असायचं की 'रूस्टर'च्या आधी काय आणि नंतर काय, कुकरची शिट्टी कुठे. म्हणून कंटाळा आला नाही.

घाटमाथा | मंगळवार, रात्री ११:२०

डग्गा, आजी हरिपाठ दुपारी कधीच म्हणत नसे. एकदा मी लहान असताना हट्ट केला होता, तेव्हा म्हणाली, "आत्ता नाही रे, वेळ झाली की." आज इतक्या वर्षांनी ते आठवलं.

पुनरावृत्तीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. 'पर्पल'बद्दलचं नाही.

चिंब | बुधवार, सकाळी ८:३०

फारच सुंदर धागा. मी तुमच्यानंतरची, म्हणजे क्रीड वगैरे बँडांच्या काळात कॉलेजला असलेली. आमच्या पिढीला 'ग्रंजनंतरचं' म्हणून जे दिलं गेलं ते कन्सोलमागे यांचं वाचल्यावर उलगडलं. पर्ल जॅमच्या एडी व्हेडरचा खालच्या सुरातला घोगरा आवाज चाचणीत चांगला ठरला, मग तसाच आवाज असलेले बँड हवे झाले. चिखल गेला, सात मात्रा गेल्या, घोगरा आवाज तेवढा राहिला. मला तेव्हा तेच खरं वाटायचं. स्क्रीमिंग ट्रीजचं 'स्वीट ऑब्लिव्हियन' काल पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या मार्क लॅनेगनचा आवाजही खालचाच, पण त्यात माणूस आहे. २०२२मध्ये तो गेला तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

मळभ | पुढचा बुधवार, रात्री ९:५०

आज सुट्टी टाकली. डग्गा यांचा प्रतिसाद वाचल्यापासून डोक्यात एकच होतं. सकाळी रेडिओ बंद केला, 'सुपरअननोन' पहिल्यापासून लावलं आणि मॅग्नसन पार्कच्या दिशेने निघालो. लेक वॉशिंग्टनच्या काठावर तिथे हवामान आणि समुद्र यांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेचं आवार आहे. ओळखपत्र दाखवून आत सोडतात. त्या आवारात पाण्याच्या कडेला पोलादी मनोरे उभे आहेत. प्रत्येकाला टांगलेली एक पोकळ नळी, वारा आला की वाऱ्याची दिशा दाखवणारा वरचा भाग फिरतो आणि नळी वाजते. डग्लस हॉलिसचं हे शिल्प, नाव 'अ साउंड गार्डन'. बँडने आपलं नाव इथून घेतलं. सतरा वर्षं इथे राहून मी तिथे कधी गेलो नव्हतो.

वाटेत सहा गाणी होत आली. 'हेड डाउन' संपत असताना मी पार्किंगमध्ये शिरत होतो. गाडी बंद केली नाही. सातवं लागलं. तेच चार सूर. हात मांडीवरच राहिला. शेवटपर्यंत ऐकलं, आणि लगेच 'स्पूनमन' सुरू झालं तेव्हा बोटांवर मोजलं. सात.

मग उतरून मनोऱ्यांपर्यंत चालत गेलो. वारा बेताचाच होता. आधी काही ऐकू येईना. मग एक नळी घुमायला लागली, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तशी, फार खालच्या सुरात. थोड्या वेळाने दुसरी. दोन्हींचा सूर जुळत नव्हता आणि तरी ऐकत राहावंसं वाटत होतं. अर्धा तास पावसात उभा होतो.

येताना सिॲटल सेंटरला केईएक्सपीच्या इमारतीत कॉफी घेतली. तेच जुनं केसीएमयू. २००१ साली त्याचं हे नाव झालं. काचेपलीकडे गाणी लावणारी बाई समोर बसलेली दिसते. ती स्वतः निवडते, पैसे श्रोते देतात. तिने लावलेलं गाणं मला ओळखता आलं नाही, त्यानंतरचंही नाही. गाडीत आता ९०.३ लावून ठेवलंय.

निळी_जास्वंद, गिट्स ऐकले. दोनदा. अजून लिहिण्याइतकं सुचत नाहीये.

फेरिक_टेप | पुढचा बुधवार, रात्री ११:१५

मळभ, तुमचं वाचून माळ्यावरून खोका काढला. टेप सापडली. फीत एका जागी चुरगळली होती, पेन्सिल घालून हलक्या हाताने गुंडाळून घेतली. डेक मित्राकडून आणलाय, उद्या कंप्युटरवर घेतो. आई गेल्याला नऊ वर्षं झाली. ती शिट्टी अजून जिथल्या तिथे आहे. कुणाला हवी असेल तर फाइल पाठवतो, हवं असल्यास तेवढा भाग साफ करून.

मळभ | पुढचा बुधवार, रात्री ११:२१

साफ करू नका. शिट्टीसकट पाठवा.